उत्तर न आल्यामुळे बंद

मी आयुष्यात पुष्कळ प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातले बहुतेक विसरले. एक मात्र ओळन् ओळ पाठ आहे. अडतीस ओळींचा आहे. तो विसरला गेला तर बरं होईल असं मी वीस-पंचवीस वर्षं म्हणते आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरहून बंगळूरला आले होते आणि कोरमंगलात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघी मुली भाड्याने राहत होतो. ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर. कंपनी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायची. कारखाना शहराबाहेर, लांब बोम्मसंद्राला होता. कोरमंगलात विक्रीचे लोक, प्रशासन आणि तक्रारींचं टेबल. गुळाच्या अडतीवर, दूध सोसायटीत, कापसाच्या जिनिंगमध्ये काटा बिघडला की या टेबलावर फोन वाजायचा. मी कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे मी एकटी आणि एक एसी खोली. खोलीत सर्व्हर होता, आणि खोली थंड म्हणून सगळ्या ऑफिसचे दहीभाताचे डबेही तिथेच असायचे. आत जाताना चप्पल बाहेर काढायची हा नियम कुणी केला होता माहीत नाही, पण तो सगळे पाळायचे. बाकी कुठलाच नियम तिथे इतक्या श्रद्धेने पाळलेला मी पाहिला नाही.

तक्रारींच्या टेबलावर अक्का बसायची. तिला सगळेच अक्का म्हणत, साहेबसुद्धा. पन्नाशीची, ठेंगणी, केसांत रोज मोगऱ्याचा तुकडा. तिच्या घरचे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले मराठे, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं होतं की पहिला आठवडा मला ती कुठली भाषा बोलते हेच कळेना. मला ती तंगी म्हणायची. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला वाटलं हिला माझ्या पाकिटाची अवस्था कुणीतरी सांगितली. महाराष्ट्रातून येणारे सगळे फोन तिच्याकडे जायचे. कोल्हापूर-सांगलीच्या अडत्यांना ती त्यांच्याच गावची वाटायची आणि ती कधी त्यांचा गैरसमज दूर करत नसे.

तिच्याकडे एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही होती. डाव्या पानावर तक्रार, उजव्या पानावर पुढं काय झालं ते. मराठी मजकूर, पण कन्नड अक्षरांत. शाळा तिची कन्नड होती. रोज सकाळी ती वही उघडून ज्यांचं उजवं पान कोरं आहे त्यांना स्वतः फोन लावायची.

"ओरडतोय त्याची काळजी नको गं," ती मला म्हणाली होती. "ओरडतोय म्हंजे जीव हाय त्यात. गप बसला की फोन लावायचा."

एकदा कोल्हापूरकडच्या एका दूध सोसायटीचा सेक्रेटरी आठ दिवस गप्प होता. अक्काने फोन लावला तेव्हा कळलं की काटा बंद पडल्यापासून तिथे अंदाजाने माप चाललंय आणि गावात दोन घरांची डोकी फुटायची वेळ आली आहे. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक गेला. अक्काने उजव्या पानावर लिहिलं आणि त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला. ही तिची बंद करण्याची पद्धत. माणसाच्या तोंडून "झालं" असं ऐकल्याशिवाय ती गोल करत नसे.

मग ते सॉफ्टवेअर आलं. परदेशी कंपनीचं, मोठ्या खोक्यात एक सीडी आणि उशाला घेता येईल एवढं पुस्तक. आमच्या पसाऱ्याला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. प्रत्येक तक्रारीचं एक तिकीट होणार, तिकिटाला नंबर मिळणार, ते आपल्या रांगेत जाऊन बसणार. सॉफ्टवेअरबरोबर काही नियम आयतेच आले होते. त्यातला एक असा: आपण शेवटचं उत्तर दिल्यावर गिऱ्हाईक सात दिवस काही बोललं नाही, तर त्याला आपोआप एक पत्र जाईल, तुमची अडचण अजून आहे का. आणखी सात दिवस उत्तर आलं नाही, तर अडचण सुटली असं धरून तिकीट बंद.

म्हणजे अक्काच्या बरोबर उलट. तिच्याकडे गप्प बसलेला माणूस सगळ्यांत वर, इथे गप्प बसलेला माणूस निकालात.

आयते नियम पडद्यावर करड्या अक्षरांत दिसायचे आणि पुसता येत नव्हते. मी आठ दिवस डोकं फोडलं. शेवटी पुस्तकाच्या मागच्या परिशिष्टात सापडलं की नियम पुसता येत नसला तरी त्याच्या आधी आपला नियम घुसवता येतो. छोटा प्रोग्रॅम लिहायचा, फ्लॉपीवरून सर्व्हरच्या एका ठराविक फोल्डरमध्ये टाकायचा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करायचं. मग यादीत सगळ्यांत वर आपला नियम काळ्या अक्षरांत दिसतो. तो चालला की खालचा करडा नियम गप्प बसतो. इंग्रजीत त्याला एक्स्टेन्शन म्हणत. मी ठिगळ म्हणायचे.

माझं पहिलं ठिगळ अक्कासाठी होतं. तिच्या रांगेतलं गिऱ्हाईक सात दिवस गप्प राहिलं तर पत्र पाठवायचं नाही. त्याचं नाव आणि फोन नंबर रोज सकाळी अक्काच्या प्रिंटरवर छापायचा. बस. पहिल्या सकाळी कागद बाहेर आला तेव्हा ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. "अगं, ही माझीच वही की," म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यातून माझ्यासाठी कोडबळी आली. तिखट, खुसखुशीत, बांगडीएवढी. मी खूश झाले. त्या वर्षात मी केलेली ती एकच चांगली गोष्ट होती, आणि तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

दर शुक्रवारी आमचा साहेब एक आलेख दाखवायचा. दिल्लीकडचा माणूस, बोलायला गोड, आलेखापुढे मात्र आंधळा. उघड्या तिकिटांचा आकडा कमी होत नव्हता. त्याला वाटलं सात अधिक सात दिवस फार होतात. "तीन और तीन कर दो," तो म्हणाला. आणि पत्र मशीनने पाठवल्यासारखं वाटता कामा नये. खाली माणसाचं नाव पाहिजे, लोकांना बरं वाटतं.

मला राग यायला हवा होता. माझा राग एरवी नाकाच्या शेंड्यावर असतो. रिक्षावाल्याशी, घरमालकिणीशी, कुणाशीही मी भांडते. त्या दिवशी मला राग आला नाही, मजा आली. दोन दिवसांत मी दुसरं ठिगळ लिहिलं. तेच ते अडतीस ओळींचं. सगळ्या रांगांना लागू, फक्त अक्काची रांग सोडून. तेवढं मी साहेबाशी वाद घालून मिळवलं आणि त्याचा मला अभिमान वाटला. पत्राचा मजकूर असा लिहिला की माणूस बोलतोय असं वाटावं: "तुमची अडचण अजून तशीच आहे का? कृपया मला तीन दिवसांत कळवा." बंद करताना जायचं पत्र तर त्याहून गोड होतं: "तुमचं काम मार्गी लागलं आहे. धीर धरल्याबद्दल आभार." दोन्ही पत्रं अर्थात इंग्रजीत. खाली माझं नाव. कुणी जबरदस्ती केली नव्हती. दुसरं कुणाचं घालणार, म्हणून मीच घातलं. शुक्रवारी आलेख घसरला आणि साहेबाने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

पावसाळ्यात प्रशासनाचे लोक आले. त्यांनाही सॉफ्टवेअर पाहिजे होतं: रजा, बदली, खुर्ची मोडली, जे काय ते तिकिटावरच मागायचं. मी पाच मिनिटांत त्यांची रांग उघडून दिली. ती रांग दुसऱ्या ठिगळातून वगळायला हवी, हे माझ्या मनात आलंच नाही. दोन शब्द वाढवायचे होते.

सप्टेंबरात हुकूम निघाला. तक्रारींचं टेबल दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून बोम्मसंद्राच्या कारखान्यात जाणार.

अक्काच्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणंही अस्पष्ट. अक्का चामराजपेटेत राहायची. सकाळी त्याचं सगळं आवरून ती निघायची, दिवसभर शेजारीण बघायची, आणि ती संध्याकाळच्या स्वयंपाकाला आपल्या घरी जाण्याआधी, साडेपाचच्या आत, अक्काला परत पोचावं लागायचं. कोरमंगलातून ते जमत होतं. बोम्मसंद्राहून कंपनीची बसच सहाला सुटणार आणि होसूर रोडवरून शहरात यायला किती वाजतील ते देवाला ठाऊक. म्हणजे प्रश्न सरळ होता: कोरमंगलात ठेवलं तर अक्काची नोकरी राहील, नाहीतर जाईल. त्या घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं.

ती साहेबाकडे गेली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, तिकीट डालो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रशासनाचा अधिकारी बदलीच्या रांगेतली उघडी तिकिटं बघेल आणि निर्णय देईल. दोन जणांना कोरमंगलात ठेवायची सोय आहे, असंही त्याने सांगितलं. माणूस वाईट नव्हता, खरंच.

तिकीट मीच टाइप केलं. अक्का माझ्या शेजारी बसून सांगत होती, मी इंग्रजीत लिहीत होते. "सगळं नको लिहू गं, लाज वाटती," ती म्हणाली, आणि मग स्वतःच सगळं सांगितलं. नवऱ्याला उजव्या हाताने अजून पेला धरता येत नाही हेसुद्धा. मी ते लिहिलं. बटण दाबलं. नंबर मिळाला. तो तिने पदरात बांधायच्या चिठ्ठीवर लिहून घेतला. मला वाटलं, झालं, काम मार्गी लागलं. माणसाची अडचण नंबरात गेली की आपली जबाबदारी संपली असं मला तोवर वाटायला लागलं होतं.

"अर्ज मिळाला" अशी पोच आपोआप गेली. सॉफ्टवेअरच्या मते ते आमचं उत्तर होतं. आता बोलायची पाळी अक्काची.

तीन दिवसांनी तिला ईमेलवर माझं पत्र गेलं. मी पाठवलं नव्हतं, पण गेलं माझ्या नावाने.

अक्काला इंग्रजी वाचता यायचं. ईमेलही ती उघडायची, दिवसातून एकदा, चष्मा पुसून. पण दहा पावलांवर बसलेल्या माणसाला उलट टपाली लिहायचं, हे तिच्या लेखी उद्धटपणाचं होतं. त्यांच्या घरी तशी रीतच नव्हती. गल्लीतल्या कुणी चिठ्ठी पाठवली तर तिचं उत्तर आपण जाऊन, समोर बसून द्यायचं. चिठ्ठीला चिठ्ठी भांडण झालेल्या घरांत. म्हणून ती उठली आणि माझ्याकडे आली.

मला तो क्षण नीट आठवतो, कारण नंतर मी तो हजारदा आठवून पाहिला. मी फोन खांद्यात धरून कारखान्यातल्या कुणाशी तरी बोलत होते आणि हातात फ्लॉपी होती. अक्का टेबलाशी येऊन उभी राहिली. माझा फोन संपेना म्हणून वाकून हळूच म्हणाली:

"होय गं तंगी. अजून तसंच हाय."

मला वाटलं नवऱ्याबद्दल सांगते आहे. आदल्याच दिवशी मी त्याची चौकशी केली होती. मी मान हलवली, तोंड फोनपासून बाजूला करून म्हटलं, "सरी, ठीक आहे अक्का. बघू, होईल बरं."

"होईल नव्हं?"

"होईल."

ती समाधानाने परत गेली. उत्तर दिलं होतं तिने. मागितलं होतं त्याच माणसाला, तीन दिवसांच्या आत, तोंडाने. त्याची नोंद कुठेच झाली नाही.

आणखी तीन दिवसांनी तिकीट बंद झालं. दुसरं पत्र गेलं. तुमचं काम मार्गी लागलं आहे, धीर धरल्याबद्दल आभार. खाली मी.

शनिवारी अधिकाऱ्याने बदलीच्या रांगेतली उघडी तिकिटं काढली. दोन निघाली. दोन्ही मंजूर केली. एकाला पाठदुखी होती, दुसऱ्याचा मुलगा दहावीत होता.

मग आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. ऑफिसात केळीचे खांब बांधले, सर्व्हरला झेंडूची माळ, प्रत्येक कॉम्प्युटरला हळदकुंकू. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात ते आम्ही प्रिंटरखाली ठेवलं. कुंकवाचं ताट दरवर्षी अक्काच्याच हातात. माझ्या मॉनिटरपाशी आल्यावर तिने एकदा कुंकू लावलं, थांबली, पुन्हा लावलं, आणि मग माझ्या कपाळालाही. माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी हसले. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, अक्काचा जीव आहे आपल्यावर.

सोमवारी फळ्यावर यादी लागली. बोम्मसंद्राला जाणाऱ्यांत पहिलं नाव तिचं होतं.

ती यादीपाशी फार वेळ उभी राहिली नाही. सरळ माझ्याकडे आली. हातात दोन कागद होते. दोन्ही पत्रांची प्रिंट काढून तिने पिशवीत जपून ठेवली होती. दुसऱ्या कागदाला हळदीचा डाग होता. तो तिने घरी देवापुढे ठेवला होता.

"तूच लिहिलंस की, काम झालं म्हणून," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. यादीत काहीतरी चुकलंय आणि मी ते आता दुरुस्त करीन, असा भाव होता. "मी घरी त्यास्नी पण सांगितलं. आमच्या गल्लीतल्या शाळेत क्लार्कची जागा होती, ती नको म्हणून कळवलं. तू लिहिलतंस म्हणून."

मी कागद वाचले. खाली माझं नाव. मी तिकीट उघडलं. चार ओळी होत्या: अर्ज आला, पोच गेली, स्मरणपत्र गेलं, उत्तर न आल्यामुळे बंद. मी ते पुन्हा उघडायला गेले तर उघडेना. महिना संपला की बंद तिकिटं कुलूपबंद होतात, हाही एक आयता नियम. करड्या अक्षरांतला.

साहेबाकडे मी जवळजवळ धावत गेले. सगळं सांगितलं. त्याने माझ्यासमोर तिकीट बघितलं.

"रिप्लाय नहीं किया उसने."

"किया था. मुझे आके बोला था."

"टिकट में किधर है?"

मी ओरडले. फाईल आपटली. माझ्या ठिगळाची चूक आहे, माझी आहे, मला काढा असंही म्हणाले. त्याने मला पाणी दिलं. प्रशासनाच्या अधिकाऱ्याला माझ्यादेखत फोन लावला. दोन जागा होत्या, दोन्ही भरल्या. आता त्यातल्या एकाला काढून हिला ठेवायचं कसं? नवं तिकीट टाका, पुढच्या तिमाहीत बघू. शाळेतली जागा मी दुपारी स्वतः जाऊन विचारली. तीही भरली होती.

दुसऱ्या दिवशी प्रशासनाची रांग मी ठिगळातून वगळली. दोन शब्द वाढवले, फ्लॉपी घातली, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. बैल गेला नि झोपा केला.

अक्काने चार दिवस बोम्मसंद्राला जाऊन पाहिलं. चौथ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा शेजारीण निघून गेली होती आणि नवरा पलंगावरून खाली पडलेला होता, पाणी घ्यायला गेला असावा. पाचव्या दिवशी ती कोरमंगलात राजीनामा द्यायला आली. मी जिन्यात तिला गाठलं. मी रडत होते, ती नव्हती.

"अक्का, ती पत्रं मी पाठवली नव्हती. ते आपोआप जातं. मशीन पाठवतं."

तिने जरा विचार केला.

"नाव तुझं होतं नव्हं?"

"हो."

"मग?" ती म्हणाली. खरंच विचारत होती. उत्तर येईल म्हणून ती पायरीवर थांबली. मग म्हणाली, "स्वल्प जागा दे, जाते," आणि माझ्या बाजूने खाली उतरली. कोडबळ्यांचा तिचा रिकामा डबा माझ्या खणात होता. तो द्यायचंही मला सुचलं नाही.

तिचं महाराष्ट्राचं टेबल पुढे बोम्मसंद्राला दुसऱ्या कुणी घेतलं. रोज सकाळी छापला जाणारा कागद महिनाभराने साहेबाने बंद करायला सांगितला, कारण तो उचलायला कुणी जात नव्हतं. मी बंद केला.

दिवाळीत मी तिला पोस्टाने पत्र लिहिलं. मराठीत, हाताने, दोन पानं. उत्तर आलं नाही. मी आठवडा थांबले, महिना थांबले. तिच्या शेजारणीच्या घरचा फोन नंबर माझ्या डायरीत होता. अडीनडीला असावा म्हणून तिनेच लिहून दिलेला, कन्नड आकड्यांत आणि खाली माझ्यासाठी मराठीत. गप्प बसलेल्याला फोन लावायचा, हे मला तिनेच शिकवलं होतं. ती काय बोलेल या भीतीने मी लावला नाही. मग पुण्याला बदली झाली, मग लग्न, मग वर्षं.

डायरी अजून आहे. नंबर सात आकडी आहे. पुढे बंगळूरचे सगळे नंबर आठ आकडी झाले, तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आता तो लागायचा नाही. खरं तर पुढे फक्त दोनचा एक आकडा लावायचा होता. तेही मला माहीत होतं.